आढ्यावरचं सिमेंट आता पुरे

मे सरत आला की महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळ्याच्या पश्चिम भागात माणसं छपरांवर चढतात. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली नीट बसवायची आणि शेवटी आढ्यावरच्या कोनाच्या कौलांवर सिमेंटचा हात फिरवायचा. वर्षभराने त्याच भेगांवर पुन्हा तेच सिमेंट. गवंड्याचं काम बुडत नाही, एवढाच या रिवाजाचा फायदा.

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सांगलीच्या पूर्वेला, जत-आटपाडीत, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. तिथे आढ्यावरची भेग खपून जाते. घाटमाथ्यावर नाही.

बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ते खाचांचं कौल पश्चिम किनाऱ्यावर व घाटावर सर्वत्र पोचलं. त्याची खुबी अशी, की ते रिपेवर नुसतं अडकून बसतं. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि छप्पर त्याच्याबरोबर थोडं हलतं. फक्त आढ्यावर आपण सिमेंटचा ताठ पट्टा ओततो. तो हलू शकत नाही, म्हणून तडकतो. त्यात हा कोयनेचा मुलूख. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतरही इथली जमीन अधूनमधून थरथरत राहिली आहे. वारणा खोऱ्यालाही ते नवं नाही. तडकलेल्या सिमेंटमागे पाणी मुरतं आणि आढं आतून कुजू लागतं. छताला डाग दिसेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

ब्रिटनने यातून वाट काढली. तिथल्या छपरांच्या मानकात २०१४ मध्ये बदल झाला. आढ्यावरची कौलं नुसत्या चुन्या-सिमेंटवर सोडायची नाहीत, स्क्रू किंवा क्लिपने बांधायचीच, असं ठरलं. सिमेंटशिवायच्या कोरड्या पद्धतीत आढ्यावर लाकडी पट्टी उंच बसवतात, तिच्यावरून हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी गुंडाळी पसरतात आणि तिच्या चिकट कडा दोन्ही पाखांच्या कौलांवर दाबून घेतात. वर कोनाची कौलं. दोन कौलांच्या सांध्यात पकड आणि एक लांब स्क्रू. कौल फुटलं तर स्क्रू काढायचा आणि नवं बसवायचं. सिमेंटमधलं कौल मात्र काढताना शेजारच्यालाही घेऊन फुटतं.

ही पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही. जुन्या वाड्यांची, बंगल्यांची आढी मध्ये झुकलेली असतात. ती आधी सरळ करावी लागतील. शेवाळलेल्या कौलावर चिकटपट्टी धरत नाही, तिथे घासणी आलीच. गुंडाळी कौलाच्या खाचांत बोटांनी बसवावी लागते, आणि या पावसात साधा लोखंडी स्क्रू गंजणारच, तो स्टेनलेस स्टीलचाच हवा. खर्च सिमेंटपेक्षा जास्त येणार, हेही खरं. पण दरवर्षीची मजुरी आणि एका कुजलेल्या आढ्याची किंमत मांडली, तर महाग कोणतं ते वेगळं सांगायला नको.

सुरुवात कौलारू सरकारी इमारतींपासून व्हावी: शाळा, विश्रामगृहं, चावड्या. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात ‘आढ्यास सिमेंट’ या बाबीऐवजी पट्टी, गुंडाळी आणि स्क्रू यांची नोंद हवी. आणि ती हिवाळ्यातच मंजूर व्हावी. चिकट कड कोरड्या कौलावरच धरते, आणि जूनमध्ये घाटमाथ्यावर कोरडं कौल मिळत नाही.