थार आहे, पण जमीन कोणाची?

शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘रविवारी ऑफरोडिंग. कोण कोण येतंय?’ कोणाच्या तरी काकांकडे थार असते, कोणाच्या भावाने जुनी जिप्सी घेतलेली असते. मग लोकेशनवर चर्चा. एक जण म्हणतो उमरेडकडे, दुसरा म्हणतो रामटेकच्या मागे, तिसऱ्याला कन्हानच्या पात्रातच गाडी घालायची असते. पेट्रोलचे पैसे कसे वाटायचे यावर वीस मेसेज होतात, वाटेत तर्री-पोहे कुठे खायचे यावर तीस. जिथे गाडी घालणार ती जमीन कोणाची, हे मात्र कोणी विचारत नाही. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : ‘अबे, सरकारी आहे ना, म्हणजे आपलीच.’

थोडा दोष आपण बघतो त्या व्हिडिओंचाही आहे. अमेरिकेतल्या मोआबचे लाल खडक चढणाऱ्या जीप बघून आपल्याला वाटतं, मोकळी जमीन दिसली की घाला गाडी. पण तिथे वनखातं जंगलांचे नकाशे काढतं. कोणत्या रस्त्यावर कोणत्या प्रकारची गाडी चालेल, वर्षाच्या कोणत्या काळात चालेल, हे त्या नकाशात छापलेलं असतं आणि नकाशात नसलेल्या वाटेवर गाडी नेली की दंड. आपल्याकडे असा नकाशा कोणी हातात देत नाही. त्यामुळे हा अभ्यास आपल्यालाच करावा लागतो, आणि नागपूरच्या आसपास तो बराच गुंतागुंतीचा आहे.

सरकारी जमीन म्हणजे एकच काहीतरी नसतं. राखीव जंगल वनविभागाचं. गावाची गुरं चरतात ती ई-क्लास जमीन महसूल खात्याची, पण गावाच्या वापराची. तलावाचा काठ अनेकदा जलसंपदा विभागाचा. आणि आपल्या पूर्व विदर्भात यात आणखी एक प्रकार आहे, जो बाकी महाराष्ट्रातल्या मित्रांना सांगितला तर त्यांना नावही माहीत नसतं : झुडपी जंगल.

झुडपी म्हणजे काय, ते तुम्ही बघितलेलं आहे. शहराबाहेर पडलं की मुरमाड माळ, मध्ये मध्ये बोरी-पळसाची झुडपं, दोन-चार शेळ्या, एखादी गाडवाट. ऑफरोडिंगवाल्यांच्या भाषेत ‘परफेक्ट स्पॉट’. जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून महसूल दप्तरात हिची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. पण हे जंगल की नुसती चराईची जमीन, यावर अनेक वर्षं वाद चालला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ही जमीन ८६ हजार हेक्टरहून जास्त आहे. २२ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानुसार झुडपी जंगल हे जंगलच धरायचं.

आता नीट समजून घ्या. या निकालाचा अर्थ झुडपीत पाय ठेवला की गुन्हा, असा नाही. तिथून लोक रोज ये-जा करतात, गुरं चारतात. पण तिथे रविवारच्या रविवार गाड्या फिरवण्यासाठी कोणी ट्रॅक तयार केला, चढ कापला, खड्डे खणले, तर तो जंगलजमिनीचा वनेतर वापर होतो आणि त्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते. म्हणजे ‘ओसाड पडलीय, कोणाचं काय जातंय’ हे वाक्य आता कायद्याच्या भाषेत टिकत नाही. माझ्या मते ते आधीही टिकत नव्हतं. टिटवी अंडी घालते ती याच उघड्या मुरमावर, घरटं म्हणजे चार खडे इकडेतिकडे सरकवलेले. ड्रायव्हरच्या सीटवरून ती अंडी दिसणं शक्यच नाही. आणि जी जमीन आपल्याला रिकामी दिसते, ती शेळ्या राखणाऱ्यासाठी रोजच्या कामाची जागा असते.

राखीव जंगलात गोष्ट जास्त सरळ आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार तिथे परवानगीशिवाय घुसणं गुन्हा आहे. अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागतो. त्याच्या कलम २७ मध्ये कोण आत जाऊ शकतं याची यादी आहे, आणि परवाना नसलेल्या पर्यटकाचं नाव त्यात नाही. अभयारण्यातून जाणारा सार्वजनिक हमरस्ता असेल तर त्यावरून जाता येतं, पण रस्ता सोडून बाजूला चाकं उतरवली की ती सवलत संपली. गुन्ह्यात वापरलेलं वाहन जप्त करण्याचीही तरतूद या कायद्यात आहे. काकांची थार आहे, हे लक्षात असू द्या.

‘पण आपण तर तिकीट काढून सफारीला जातो’, असं म्हणणाऱ्यांसाठी उमरेड-पवनी-कऱ्हांडला. नागपूरपासून साठेक किलोमीटरवरचं हे अभयारण्य नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलं आहे. ‘जय’ वाघामुळे सगळ्यांना माहीत झालं. तोच जय, जो नागझिऱ्यातून चालत इथे आला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. ३१ डिसेंबर २०२४ ला इथल्या गोठणगाव परिसरात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले आणि दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्यांनी त्यांची वाट अडवली. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच, कदाचित फॉरवर्डही केला असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. गाड्यांचे चालक आणि गाइड निलंबित झाले, त्यांना दंड झाला.

नियम तेव्हाही होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे आणि प्राण्याला घेरायला साफ मनाई आहे. मग घेरलं का? मला यातला सगळ्यात अडचणीचा भाग हा वाटतो की शिक्षा झाली ती स्टिअरिंगवर आणि बाजूच्या सीटवर बसलेल्यांना. गाइड म्हणजे जंगलाशेजारच्या गावांतली मुलं-मुली, बरीचशी आपल्याच वयाची. त्यांचं काम फेऱ्यांवर चालतं. निलंबन म्हणजे तेवढे दिवस घरी बसणं. आणि मागच्या सीटवरून ‘भाऊ, थोडं पुढे घ्या ना, फोटो येत नाहीये’ म्हणणारे? गाइडने नाही म्हटलं तर टीप जाते, हो म्हटलं तर नोकरी. चालक-गाइड निर्दोष होते असं मी म्हणत नाही. पण ती गाडी पुढे सरकली ती मागणीमुळे, आणि मागणी आपली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॉर्बेटच्या प्रकरणात व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर भागातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरावर बंदीचा आदेश दिला, तोही याच मागच्या सीटकडे बघूनच, असं म्हणायला हरकत नाही.

बरं, जंगल सोडा. पांदण रस्ता तर सगळ्यांचा असतो ना? हो, असतो. पांदणीवर गाडी नेण्यात बेकायदा काही नाही, आणि तरी मला विचाराल तर पावसाळ्यात ही सगळ्यात वाईट आयडिया आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते. फोर बाय फोर त्यातून निघून जातेही, पण मागे गुडघाभर खोल चाकोऱ्या सोडून. दुसऱ्या दिवशी त्याच पांदणीतून शेतकऱ्याला खताची पोती न्यायची असतात. बंडी रुतते, ट्रॅक्टर रुततो. पांदण नीट व्हावी म्हणून गावं वर्षानुवर्षं अर्ज करतात. राज्य सरकारला २०२१ मध्ये त्यासाठी मातोश्रींच्या नावाची वेगळी योजना काढावी लागली, यावरूनच प्रश्न केवढा मोठा आहे ते कळेल. आपली दहा सेकंदांची रील, त्याचा पूर्ण हंगाम. चिखलातून गाडी निघाली नाही तर आपल्याला ओढायला ट्रॅक्टर घेऊन तोच शेतकरी येतो, ही त्यातली गंमत.

उन्हाळ्यात चिखल नसतो, पण वणवा असतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्याचा हंगाम. वाळलेल्या गवतात गरम सायलेन्सरची गाडी उभी केली तर खालचं गवत पेटू शकतं, त्यासाठी सिगारेटच हवी असं नाही. नदीच्या पात्रातही याच दिवसांत नदी सुरयसारखे पक्षी वाळूवर अंडी घालतात.

मग जायचंच नाही का? जा ना. फक्त तर्री-पोह्यांच्या चर्चेआधी अर्धा तास काढा. जागा ठरली की गावाचं नाव आणि गट नंबर शोधा, राज्याच्या भूनकाशा साइटवर तो दिसतो. मग महाभूलेखवर सातबारा उघडा. भोगवटादार म्हणून ‘सरकार’ दिसलं किंवा ‘झुडपी जंगल’ अशी नोंद दिसली, तर तिथेच थांबा आणि तलाठ्याला किंवा त्या भागातल्या वनरक्षकाला विचारा. सगळ्यात बिनघोर जागा म्हणजे खासगी पडीक जमीन, मालकाच्या लेखी होकारासह. तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या, आणि गुरं किती वाजता येतात तेही विचारून ठेवा. एकटी गाडी नेऊ नका, दोन न्या, ओढायचा पट्टा बरोबर ठेवा. वाळूत टायरची हवा थोडी कमी करावी लागते, म्हणजे परत भरायचा पंपही हवा. हे गाडीवाल्याला माहीत नसेल, तर त्याच्याबरोबर जायचं की नाही याचा विचार करा.

रात्रीचा प्लॅन असेल तर इंजिन बंद ठेवूनही भारी काहीतरी करता येतं. पेंच हे जानेवारी २०२४ पासून देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे. जबलपूर हायवेने जायचं, डांबरी रस्ता शेवटपर्यंत आहे. थार लागत नाही, काकांची जुनी अल्टोही पोहोचते.