दोन वर्षांचें कॉलेज आणि शेतकऱ्याचीं मुलें

दरवर्षीं बारावीच्या परीक्षेचा निकाल लागला म्हणजे कास्तकाराच्या घरांत एकच प्रश्न उभा राहतो, तो हा कीं, मुलांस आतां पुढें काय शिकवावें? ऐपतदार मनुष्य मुलाला शहरांत पाठवितो. मध्यम स्थितीचा मनुष्य कर्ज काढतो, प्रसंगीं जमिनीचा एखादा तुकडा गहाण टाकतो. आणि ज्याला यांपैकीं कांहींच साधत नाहीं, त्याचा मुलगा पारावर बसूं लागतो. मुलीचा प्रश्न तर याहूनहि लवकर निकालांत निघतो. कॉलेज लांब, एस.टी.ची वेळ अडचणीची, एवढ्याच कारणावर तिचें शिक्षण संपतें. या प्रश्नासंबंधीं आमचें मत वाचकांपुढें मांडण्याचें आज योजिलें आहे.

प्रथम जमिनीची स्थिति पाहूं. १९७०-७१ सालच्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील सरासरी खातें ४.२८ हेक्टरांचें होतें. २०१५-१६ सालीं तें १.३४ हेक्टरांवर आलें. वांटणीगणिक बांध वाढत गेले आणि जमीन मात्र तेवढीच राहिली. अशा वेळीं मुलाच्या अंगीं शेतीशिवाय दुसरी एखादी विद्या असणें, अथवा शेतींतीलच कांहीं विशेष ज्ञान असणें, ही चैन नसून गरज आहे. परंतु त्यासाठीं तीन-चार वर्षें शहरांत काढणें हाच एक मार्ग आहे, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं.

दुसरा मार्ग कसा असतो हें अमेरिकेंत पाहावयास मिळतें. तेथील इलिनॉय हें मक्याचें व सोयाबीनचें राज्य. त्या राज्यांतील जोलिएट शहराच्या हायस्कुलांत १९०१ सालीं एक लहानसा प्रयोग झाला. शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन व शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनीं असें ठरविलें कीं, विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास मुलांस घर न सोडतां आपल्याच गांवीं करतां यावा. प्रारंभीं विद्यार्थी आले अवघे सहा. त्या सहांतून उभें राहिलेलें जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजहि चालू आहे. पुढें १९४७ सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमिलेल्या उच्च शिक्षण मंडळानें अशा संस्था देशभर वाढवाव्या अशी शिफारस केली, व ‘कम्युनिटी कॉलेज’, म्हणजे त्या त्या टापूंतील लोकांचें कॉलेज, हें नांव सर्वतोमुखीं झालें. आज त्या देशांत अशीं कॉलेजें सुमारें एक हजार आहेत.

या कॉलेजांचा पहिला लाभ पैशाचा. फी विद्यापीठापेक्षां बरीच कमी असते, आणि मुलगा घरीं जेवतो व घरीं निजतो. टेनेसी राज्यानें तर २०१५ पासून हायस्कूल संपविणाऱ्या मुलांस हीं दोन वर्षें फीवांचून खुलीं केलीं आहेत. दुसरा लाभ असा कीं, मुलगा घरच्या कामास अंतरत नाहीं. वर्ग सायंकाळींहि भरतात. त्यामुळें दिवसा काम करून रात्रीं शिकणारा तरुण, आणि त्याच बांकावर चाळिशी उलटलेला गृहस्थ, असें दृश्य तेथें नवलाचें नाहीं.

परंतु आमच्या मतें मुख्य लाभ तिसराच आहे. या कॉलेजाला दोन दारें आहेत. एका दारानें विद्यार्थी थेट धंद्यांत पडतो. यंत्रांची दुरुस्ती, जनावरांची शुश्रूषा, रोग्यांची सेवा, हिशेब, बागकाम असे विषय तेथें हातानें करून शिकवितात. कित्येक कॉलेजांना प्रयोगासाठीं स्वतःचीं शेतें आहेत. दुसऱ्या दारानें विद्यार्थी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत जाऊं शकतो. सतराव्या-अठराव्या वर्षीं मुलाचा कल बापाला कळत नाहीं, आणि खरें म्हणजे मुलालाहि कळत नाहीं. तो कळण्यास दोन वर्षें मिळावीं, व तेवढ्यांत घर कर्जबाजारी होऊं नये, हा लाभ लहान नव्हे.

या पद्धतींत दोष नाहींत असें मात्र नाहीं. पुष्कळ विद्यार्थी अभ्यास अर्धवट सोडतात. विद्यापीठांत जाऊं म्हणणाऱ्यांपैकीं बरेच तेथवर पोंचत नाहींत. आणि पोंचलेल्यांचे कांहीं विषय विद्यापीठ जमेस धरीत नाहीं. तात्पर्य, दुसरें दार नुसतें रंगवून भागत नाहीं, तें उघडावें लागतें.

आपल्याकडेहि या कल्पनेचें बीज पडलें आहे. पाँडिचेरी विद्यापीठानें १९९५ सालीं असें कॉलेज काढलें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१३ सालीं त्यासाठीं योजना आंखली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें पदवीच्या एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका देण्याचें तत्त्व मान्य केलें. मग उणें कशाचें? आम्हांस वाटतें, उणें आहे तें मालकीचें. इलिनॉयमध्यें प्रत्येक टापूच्या कॉलेजाला जमीनजुमल्यावरील करांतून पैसा मिळतो, व त्याच्या कारभारासाठीं बहुतेक ठिकाणीं लोक आपल्या मतांनीं सात विश्वस्त निवडतात. जो शेतकरी कर भरतो तो विचारूंहि शकतो कीं, आमच्या मुलांस काय शिकवितां?

असें विचारणें आपल्याला परकें आहे काय? कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली ती रयतेच्या बळावरच. साखर कारखाने व दूधसंघ आपण भागभांडवल घालून उभे केले. तेथें यंत्रशाळा आहेत, शीतगृहें आहेत, जाणते कारागीर आहेत. तालुक्याच्या कॉलेजाची इमारत सायंकाळीं रिकामी असते. ठिबकाची जोडणी, मोटारीची दुरुस्ती, द्राक्ष-डाळिंबाची प्रतवारी, संस्थेचें दप्तर, हे विषय दोन वर्षांत शिकविण्यास याहून अधिक काय हवें? मात्र विद्यापीठाशीं आधीं लेखी ठराव करून पुढील वर्गाचें दार उघडें ठेवलें पाहिजे.

कोणी म्हणतील कीं, पदवी नसली तर शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी कोण देणार? ही अडचण खोटी नाहीं. पण पदवी हातीं घेऊन रिकामा बसलेल्या मुलालाहि आज कोण मुलगी देतो, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवांत पाहावें. हाताला काम असलेला आणि पुढें शिकण्याची वाट मोकळी असलेला मुलगा त्यापेक्षां बरा, असें कोणताहि शहाणा मुलीचा बाप म्हणेल.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, आपल्या कारखान्याच्या व संघाच्या येत्या वार्षिक सभेंत ऊसदराबरोबर हाहि विषय काढावा. आणि तोंवर, मुलाच्या शिक्षणासाठीं जमिनीचा तुकडा गहाण टाकण्यापूर्वीं, जवळपास दोन वर्षांचा कोणता चांगला अभ्यासक्रम आहे याची एकदां चौकशी करावी. ती चौकशी मुलीसाठींहि करावी. कारण कॉलेज जवळ आल्याचा सर्वांत मोठा लाभ तिलाच व्हावयाचा आहे.