सातबारा नाही, म्हणून हाताला किंमत नाही?

उमरीकडे सोयाबीनची काढणी सुरू झाली की वाकून वाकून कंबर मोडते ती आपल्या आयाबहिणींची, आणि हडंब्यात हात जातो तो मजुराचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाला तर २ लाख, एक हात गेला तर १ लाख. पण कोणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. भूमिहीन मजूर बाहेर! गावात भूमिहीन कोण, हे काय वेगळं सांगायचं?

वर पुन्हा म्हणायचं, नशीब. नशीब कसलं? भरपाईच्या कायद्यात यंत्रावर राबणारा शेतमजूर येतो. मालक चार पैसे देऊन कागदावर अंगठा मागेल, देऊ नका. दवाखान्याचे कागद जपा, भरपाईसाठी २ वर्षांच्या आत दावा टाका.