पाण्याचें द्वार आणि प्रयोगवही

बटाटा पोखरून त्यांत साखरेचें पाणी भरावें, तो साध्या पाण्यांत ठेवावा आणि आंतील पाणी हळूहळू वर चढतांना पाहावें, हा परासरणाचा प्रयोग आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु ज्याचें पाणी चढत नाहीं, तो काय करतो? बहुधा शेजाऱ्याच्या वहींतील आंकडा आपल्या वहींत उतरवितो. या संवयीविषयीं दोन शब्द लिहावेसे वाटतात.

सजीवांच्या प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें अत्यंत पातळ आवरण असतें. तेलापाण्याचें वैर प्रसिद्ध आहे. म्हणून या आवरणांतून पाणी झिरपतें तें मंदगतीनेंच. तथापि तांबड्या रक्तपेशी व मूत्रपिंडांतील नलिका पाणी फार त्वरेनें आंतबाहेर करतात. त्याअर्थीं तेथें पाण्यासाठीं निराळें द्वार असावें, असा शास्त्रज्ञांचा तर्क होता.

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत पीटर ॲग्रे हे १९८८ च्या सुमारास रक्तगटाशीं संबंध असलेल्या आर्‌एच् प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्यांच्या नमुन्यांत एक अनाहूत प्रथिन वारंवार दिसूं लागलें. नेहमींच्या रंगानें तें रंगत नसे. प्रथम तें आर्‌एच् प्रथिनाचाच तुटका भाग असावा असें वाटलें. ॲग्रे यांनीं तें गाळ समजून टाकलें असतें, तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. पण त्यांनीं त्याचा पिच्छा पुरविला. १९९२ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, तें प्रथिन घडविण्याची आज्ञा देणारा आर्‌एन्‌ए बेडकाच्या अंड्यांत घातला. सौम्य द्रावणांत ठेवतांच तीं अंडीं थोड्याच मिनिटांत फुगून फुटलीं. साधीं अंडीं फारशीं बदललीं नाहींत. द्वार सांपडलें होतें!

त्या प्रथिनास ॲक्वापोरिन असें नांव मिळालें. त्याचा मार्ग इतका अरुंद कीं पाण्याचे रेणू एका ओळीनेंच जातात. तरीही एका सेकंदास सुमारें तीनशें कोटि रेणू पार होतात. आपलीं मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, पण बाहेर पडतें दीड-दोन लिटर. उरलेलें पाणी परत घेण्यांत या द्वारांचा मोठा वांटा आहे. २००३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक ॲग्रे यांस रॉडरिक मॅकिनन यांच्या समवेत मिळालें.

कोणी म्हणेल, "प्रत्येक बटाट्यांतून नोबेल पारितोषिक निघत नाहीं." अगदीं खरें. पाणी न चढण्याचें कारण बहुधा एवढेंच असतें कीं बटाट्याची साल काढलेली नसते, अथवा पोखरतांना बुडास छिद्र पडलेलें असतें. पण हें कारण शोधणाऱ्या मुलास, सालींतून पाणी सहज जात नाहीं, हें कायमचें समजतें. आंकडा उतरविणाऱ्यास कांहींच समजत नाहीं. शिवाय खोटें लिहिल्याची टोंचणी राहते ती निराळीच. आणि ती टोंचणीच बोथट झाली, तर हानि अधिक मोठी.

यांत सर्व दोष मुलांचा नव्हे. ठराविक उत्तरास गुण आणि खऱ्या नोंदीस ताशेरे, असा व्यवहार असेल, तर मुलांनीं दुसरें काय करावें? म्हणून "पाणी चढलें नाहीं" असें प्रामाणिकपणें लिहून त्याचें कारण शोधणाऱ्यास शिक्षकांनीं पूर्ण गुण द्यावे, पालकांनीं "किती गुण मिळाले?" या प्रश्नाआधीं "आज काय पाहिलेंस?" असें विचारावें; आणि विद्यार्थ्यांनीं डोळ्यांस दिसलें तेंच वहींत लिहावें, एवढीच विनंती.