पट्टीचा पोहणारा म्हणजे जीवरक्षक नव्हे

विसर्जनाच्या दिवशी नदीकाठी कुणाचा पाय घसरला की हाक उठते, ‘‘अरे, कुणीतरी उतरा!’’ आणि उतरतो तो पुष्कळदा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. आमच्या कोरेगाव भागात पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मुले पुष्कळ. त्यांच्या धाडसाचे कौतुक आपण करतो. पण ते धाडस त्यांच्याकडून मागण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

पोहणे आणि वाचवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. बुडणारा माणूस हाती लागेल त्याला मिठी मारतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही खाली ओढतो. क्षेत्र माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. पावसाळ्यात तिथले पाणी विहिरीसारखे निवांत नसते. कधी उतरू नये, हे कळायला वय आणि शिक्षण दोन्ही लागते. आणि हातून माणूस निसटलाच, तर ते ओझे त्या पोराने जन्मभर वाहायचे?

वयाच्या अटीवर जगात एकमत नाही. अमेरिकन रेड क्रॉस पंधराव्या वर्षी जीवरक्षकाच्या प्रशिक्षणाला घेते. ब्रिटनमध्येही तरणतलावासाठी किमान वयाची अट असते. पण तिथे आधी परीक्षा होते आणि साधने हाताशी असतात. आपल्याकडे अनेक घाटांवर साधा दोरही नसतो. मग त्यांचे वय तेवढे उचलून कसे चालेल?

आपल्याकडे हा वाद दहीहंडीच्या निमित्ताने झालाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालील गोविंदांना मनाई केली. २०१७ मध्ये ती मर्यादा चौदावर आली. बालकामगार कायद्यातील २०१६ ची दुरुस्तीही चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या ठराविक कामांपासूनच दूर ठेवते. तेव्हा कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

नगरपंचायतीने आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी स्वतःच ठराव करावा. घाटावरचा जीवरक्षक अठरा वर्षे पूर्ण केलेला, दरवर्षी परीक्षा दिलेला, मानधन आणि विमा असलेला हवा. चौदापुढच्या मुलांना मात्र दूर लोटू नये. काठावरून दोर फेकणे, हवा भरलेली ट्यूब सोडणे, छाती दाबून श्वास परत आणणे, हे त्यांना शाळेतच शिकवावे. त्यांनी मदत जरूर करावी, पण पाय काठावर ठेवून. पाण्यात उतरण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.