घोषणा द्या, अर्जही लिहा!

हवामान बदलापुढे तरुण काय करणार, असे विचारणाऱ्यांना आम्ही वानुआतूचे उदाहरण देतो. २०१९ साली तेथे शिकणाऱ्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा ध्यास घेतला आणि सरकारला पटवले. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले : हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडणाऱ्यास भरपाईही द्यावी लागू शकते. हे मत बंधनकारक नाही. पण लढणाऱ्यांच्या हाती आधार आला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क कलम १४ व २१ मध्ये मानला आहे. पत्र्याच्या घरात होरपळणाऱ्यांसाठी तो मागणार कोण? कायदा शिकणाऱ्या तरुणांनो, हे काम तुमचेच!