भुईकोटाजवळच्या घरांची दुरुस्ती

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यालगतच्या जुन्या घरांना हात लावायला कायद्याने सरसकट बंदी आहे, हे याच सदरातील पत्रातले विधान अपुरे आहे. किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित, तर त्यापुढचा २०० मीटरचा विनियमित ठरतो. प्रतिबंधित पट्ट्यात मजला चढवणे किंवा घर पुढे वाढवणे हे नवे बांधकाम, म्हणून ते नाकारले जाते. मात्र १६ जून १९९२पूर्वीच्या घराच्या मालकाला दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो.

अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे जातो. तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत कळवायचे आणि त्यानंतर महिन्याभरात सक्षम अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा. गळके माळवद घेऊन पावसाळ्याला तोंड देणाऱ्या कुटुंबासाठी हा काळ फार मोठा आहे, ही पत्रलेखकाची तक्रार मात्र रास्त आहे.

घराच्या दर्शनी भागाचा प्रश्न याहून नाजूक. दगडी जोत्यावर चकचकीत फरशी किंवा सागवानी दाराजागी लोखंडी शटर आले, तर उंची न वाढताही रस्त्याचा चेहरा पुसला जातो. याच कायद्यात प्रत्येक स्मारकासाठी वारसा उपविधी करण्याची तरतूद असून त्यांत दर्शनी भाग, उंची, सांडपाणी व रस्ते यांचे नियम अपेक्षित आहेत. मालकाने अर्जासोबत घराची सध्याची छायाचित्रे व प्रस्तावित दर्शनी भागाचा नकाशा जोडल्यास काय टिकणार आणि काय बदलणार, हे तपासणाऱ्याला नेमके कळते.